तक्रार माणसाची करायची की फाइलीची?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचा धाकटा दीर बावीस वर्षांचा, अजून शिकतो आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मित्रांसाठी टेलिग्रामवर एक चॅनेल सुरू केलं आणि त्यावर सिनेमे टाकायला लागला. आज त्या चॅनेलला अकरा हजार माणसं जोडलेली आहेत. नवा सिनेमा लागला की दोन-तीन दिवसांत तो तिथे येतो. सहा महिन्यांपासून सट्ट्याचं एक ॲप जाहिरातीपोटी त्याच्या खात्यात पैसे जमा करतं. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई रात्री त्यातलेच सिनेमे बघतात, ताईंनीही पुष्कळ बघितले आहेत. आता झालं असं की ताईंच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचा सिनेमा नुकताच लागला. ती त्यात सहायक संकलक आहे, पडद्यावर तिचं नाव पहिल्यांदाच आलं आहे. तिसऱ्या दिवशी तो सिनेमा दिराच्या चॅनेलवर होता. मैत्रीण फोनवर रडली. कुणी टाकला हे तिला ठाऊक नाही, ताईंना ठाऊक आहे. नवरा म्हणतो, आपलेच दात आपलेच ओठ, गप्प बस. ताई विचारतात: निनावी तक्रार करू का? की मीही फुकट बघत आले, म्हणून मला बोलायचा अधिकारच उरला नाही? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. आणि शेवटच्या ओळीत: मैत्रिणीला हे सांगू की नको?

ताई,

सिनेमा अजून थिएटरात आहे, म्हणून उत्तराचा मुख्य भाग तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला कळवला होता. इथे सविस्तर लिहिते, कारण थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारणारी पत्रं नेहमी येतात. कुणाचा सहकारी, कुणाचा भाचा, कुणाचा जिवलग मित्र.

आधी तुमच्या अधिकाराचं. तुम्ही लिहिता की इतके दिवस बघितलं, आता कुठल्या तोंडाने बोलू. मला हा विचार पटत नाही. ज्याने कधीच फुकट बघितला नाही त्यानेच बोलायचं ठरवलं, तर बोलायला कुणी उरणारच नाही. उलट तुम्ही बघितलेत म्हणून तुमचं बोलणं तुमच्या दिराला उपदेशासारखं लागणार नाही. फक्त बोलण्याआधी स्वतःचं बघणं थांबवा, आणि बोलताना ते स्वतःच सांगा. "मीही बघत होते, मागच्या आठवड्यापासून बंद केलंय" या एका वाक्याने अर्धं भांडण टळेल.

दुसरं गृहीतक जास्त मोठं आहे. तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत: तक्रार करायची नाहीतर गप्प बसायचं. तुमच्या दिराशी समोरासमोर एकदाही कुणी बोललेलं नाही, हे मला पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आलं. नवऱ्याशी तुम्ही बोललात, मला लिहिलंत, मैत्रिणीचं रडणं ऐकलंत. ज्याच्या हातात ते बटण आहे त्याच्यापर्यंत मात्र हे पोहोचलेलंच नाही. त्याच्या दृष्टीने घरातली सगळी माणसं त्याचे खुश प्रेक्षक आहेत. अशा मुलाच्या दारात एक दिवस पोलीस उभे राहिले, तर त्याला ते घरातूनच आलेलं संकट वाटेल, आणि ते खोटं नसेल.

आता तो करतोय ते नेमकं काय आहे? "चोरी ती चोरीच" असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्या शब्दाने तो लगेच निसटेल. "मी कुणाचं काय उचललं? त्यांचा सिनेमा त्यांच्याकडेच आहे की," असं तो म्हणेल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली एका खटल्यात असंच ठरवलं होतं, की विनापरवाना काढलेल्या प्रती आणि चोरीचा माल या कायद्याच्या भाषेत एकच गोष्ट नव्हेत. म्हणून त्या शब्दावर अडून बसू नका. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. अकरा हजार लोकांपुढे तो उदार झाला आहे, पण जे वाटतोय ते त्याचं नाही आणि ज्यांचं आहे त्यांना त्याने विचारलेलं नाही. आता तर त्या वाटण्याचे त्याला पैसेही मिळू लागलेत.

"निर्माते कोट्यधीश असतात, त्यांचं काय बिघडतं" हेही तो म्हणणार. मी एकदा एका साउंड स्टुडिओत दुपारभर बसले होते. पडद्यावर एक म्हातारी चालत येते आणि पायरीवर बसते, एवढंच दृश्य होतं. पावलांचे आवाज करणारा कलाकार आधी ट्रेमध्ये कोरडी वाळू घेऊन तिच्यावर चालला. जमेना. मग त्याने वाळूत बारीक खडी मिसळली. तरी जमेना, कारण म्हातारी डावा पाय जरा ओढत होती. त्याने डाव्या टाचेला फडकं गुंडाळलं आणि परत चालला. मग बसतानाची कापडाची सळसळ, मग काठी दगडावर टेकवल्याचा आवाज. पाऊण मिनिटासाठी दुपार गेली. पुढे त्याच सिनेमाची, थिएटरात मोबाइलवर टिपलेली प्रत मला कुणीतरी कौतुकाने दाखवली. त्या दृश्यात प्रेक्षकांतला कुणीतरी खोकत होता आणि एक डोकं खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे सरकलं. पावलं ऐकूच आली नाहीत. शेवटची नामावली तर कापूनच टाकलेली होती. तुमच्या मैत्रिणीचं नाव तिथेच असतं ना?

अशा लोकांना पगार सहसा आधीच मिळालेला असतो, हे खरं. एका प्रतीमागे त्यांच्या खिशातून रुपया जातो असं मी म्हणणार नाही. पण पुढचं काम कुणाला मिळणार, लहान निर्माता दुसरा सिनेमा काढू शकणार की नाही, हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या गल्ल्यावर ठरतं. नुकसानीचे जे प्रचंड आकडे फिरत असतात त्यांतले बरेचसे मला ताणलेले वाटतात, कारण फुकट बघणारा प्रत्येक जण तिकीट काढणार होता असं ते गृहीत धरतात. म्हणून मी एकाच अभ्यासाचा आधार घेते. युरोपीय आयोगाने सहा देशांतल्या सुमारे ३० हजार लोकांचा अभ्यास करवून घेतला होता, तो २०१७ साली सर्वांसमोर आला. बेकायदा प्रतींमुळे गाणी, पुस्तकं किंवा गेम यांची विक्री घटते असा ठोस सांख्यिकी पुरावा त्यात मिळाला नाही. अपवाद निघाला तो नुकत्याच आलेल्या, गाजत असलेल्या सिनेमांचा. असे १० सिनेमे बेकायदा बघितले गेले, की रीतसर बघितले जाणारे साधारण ४ कमी होतात. म्हणजे ज्या एका ठिकाणी नुकसान स्पष्ट दिसतं, नेमकं तेच काम तुमचा दीर करतो: नवा सिनेमा, पहिला आठवडा.

इथे मला बाकीच्या वाचकांसाठी थोडं थांबायचं आहे. पायरसी या एका शब्दात आपण फार वेगवेगळी माणसं कोंबतो. रात्री मोबाइलवर एक सिनेमा बघणाऱ्या सासूबाई, मित्राला फाइल पाठवणारा मुलगा, अकरा हजार लोकांचं चॅनेल चालवून जाहिरात घेणारा, आणि थिएटरात कॅमेरा लावणारा किंवा स्टुडिओतून प्रत बाहेर काढणारा. यांना एकाच तागडीत घालणं मला अन्यायाचं वाटतं. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराचं ६१वं कलमही देशांवर फौजदारी शिक्षेचं बंधन घालतं ते जाणूनबुजून आणि व्यापारी प्रमाणावर केलेल्या पायरसीपुरतंच. फुकट बघणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार करू का, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर साफ नाही असं आहे. त्याच्याशी बोला, नाहीतर सोडून द्या. आणि जे सिनेमे आज कुठेच मिळत नाहीत, पैसे मोजायची तयारी असूनही, त्यांच्या बाबतीत मी फार कठोर व्हायला तयार नाही. १९२२ सालचा नोस्फेराटू हा जर्मन मूकपट दिवंगत लेखकाच्या वारसांच्या परवानगीविना कादंबरीवरून केलेला होता म्हणून न्यायालयाने त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. काही प्रती उरल्या, म्हणून तो आज बघायला मिळतो. पण तुमच्या दिराच्या चॅनेलवरचा सिनेमा थिएटरात लागलेला आहे. त्याला ही सबब लागू पडत नाही.

आता निनावी तक्रारीकडे येते. ती केल्यावर काय होतं याची कल्पना असल्याशिवाय ती करू नये. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. गुन्हा धंद्यासाठी, कमाईसाठी केलेला नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. तुमच्या दिराने जाहिरातीचे पैसे घेतले आणि ही पळवाट स्वतःच अरुंद करून घेतली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हा आरोपीचा आपोआप हक्क राहत नाही. त्यात सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीची भर पडली: थिएटरात चोरून टिपणं आणि अशा प्रती पसरवणं यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान ३ लाख रुपये दंड, आणि तो सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एकदा गुन्हा दाखल झाला की "जाऊ द्या, तो सुधारलाय" असं म्हणून तो तुम्हाला मागे घेता येत नाही.

मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कायदा असावा, आणि मोठ्या टोळ्यांवर तो वापरला जावा असं मला मनापासून वाटतं. पण बावीस वर्षांच्या मुलाला कुणी एकदाही "बंद कर" म्हटलेलं नसताना थेट हे त्याच्यावर सोडणं मला योग्य वाटत नाही. फ्रान्सने २००९ साली डाउनलोड करणाऱ्यांविरुद्ध कायदा केला, तोही बराच कडक मानला गेला, पण त्यातही पहिली पायरी लेखी ताकीद हीच होती. सरकार अनोळखी माणसाला जेवढी संधी देतं, तेवढी वहिनीने दिराला द्यायला हवी.

निनावीपणाबद्दल आणखी एक. तक्रारीनंतर तुम्हाला त्याच घरात राहायचं आहे. सासूबाई रडत असतील, नवरा वकिलाला फोन लावत असेल, आणि तुम्ही चहा करत असाल. तुम्ही ते वर्षानुवर्षं पोटात ठेवू शकाल? पत्रावरून मला तुम्ही तशा वाटत नाही.

तर त्याच्याशी बोला, एकट्याशी. सासूबाईंसमोर नको, नाहीतर त्या मध्ये पडतील आणि विषय "माझ्या पोराला बोललीस" असा होईल. तो चॅनेलवर काहीतरी टाकत असताना नको. मैत्रिणीपासून सुरुवात करा, कायद्यापासून नको. "भाऊजी, परवा तुम्ही जो सिनेमा टाकलात त्यावर माझी मैत्रीण दीड वर्ष बसली होती. ती फोनवर रडत होती आणि तुम्ही टाकलाय हे मला माहीत असून मी गप्प होते." एवढं बोलून थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. मला वाटतं, अकरा हजार अनोळखी लोकांच्या लाइकच्या अंगठ्यांपुढे त्याला आजवर सिनेमामागचं एकही माणूस दिसलेलं नाही.

तो म्हणेल, मी कुठे शूट केलाय, मी तर आलेलं पुढे पाठवतो. मग त्याला दोन गोष्टी सांगा. थिएटरातले डिजिटल प्रोजेक्टर चित्रात आणि आवाजात न दिसणारी, न ऐकू येणारी खूण सोडतात. कुठल्या पडद्यावर, किती वाजता प्रत टिपली गेली हे त्यावरून काढता येतं. साखळीचं एक टोक असं सापडलं की मधल्या कड्या सुरक्षित राहत नाहीत. आणि टेलिग्रामवर नाव लपतं हा भ्रम आहे. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या अभ्यास साहित्याच्या खटल्यात चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते उघड करायला लावले होते आणि कंपनीने ते न्यायालयाला दिले. ही धमकी म्हणून सांगू नका. थोरल्या माणसाची काळजी जशी असते तशी सांगा, कारण ती काळजी खरी आहे.

सट्ट्याच्या जाहिरातीबद्दल वेगळं आणि स्पष्ट बोला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग तोच आहे. सिनेमा बघायला आलेल्या कुणाच्या तरी घरातला पगार त्या ॲपमध्ये जात असेल. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, आणि त्यांच्या जाहिरातींवरही, बंदी आणणारा कायदा केला आहे. सिनेमाचं प्रकरण बाजूला ठेवलं तरी एवढ्यासाठीच ते चॅनेल बंद व्हायला हवं.

मागणी मोघम ठेवू नका. आज हा सिनेमा काढायचा. या आठवड्यात जाहिरात बंद, महिन्याभरात चॅनेल बंद. त्याला सिनेमांचं वेड असेल तर त्याने नवं चॅनेल काढून त्यावर सिनेमांबद्दल लिहावं. अकरा हजार माणसं जोडणं सोपं नसतं, तेवढी चिकाटी त्याच्याकडे आहे.

आणि त्याने नाही म्हटलं तर? तर त्याला सांगून पुढची पायरी घ्या, पाठीमागून नाही. ही पायरी फाइलीविरुद्ध तक्रार करण्याची आहे, आणि बऱ्याच वाचकांना अशी काही सोय आहे हे माहीतच नसतं. २०२३च्या नोव्हेंबरात केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने पायरसीच्या तक्रारींसाठी बारा नोडल अधिकारी नेमले. सिनेमाचा हक्कदार किंवा त्याने नेमलेला माणूस तर तक्रार करू शकतोच, इतर कुणीही करू शकतं. मात्र इतरांची तक्रार असेल तर ती खरी आहे का हे अधिकारी सुनावणी घेऊन तपासू शकतो. आदेश निघाला की त्या प्लॅटफॉर्मला ४८ तासांत ती सामग्री काढावी लागते. याहून साधा मार्ग म्हणजे चॅनेलची लिंक निर्मात्याच्या कार्यालयाला कळवायची. प्लॅटफॉर्मकडे हक्कदाराची तक्रार लवकर पुढे सरकते, तिऱ्हाइताची रेंगाळते. पुढे माणसामागे लागायचं की फाइल काढून थांबायचं हे निर्माता ठरवेल, ते तुमच्या हातात नसेल. हा धोका तुमच्या दिराला आधी सांगा, तारखेसकट.

काही वेळा मात्र या पायऱ्या चढत बसू नये, हेही सांगते. कुणी प्रदर्शनाआधीच प्रत बाहेर काढतो आहे, थिएटरात टिपण्यासाठी पोरांना पैसे देतो आहे, सिनेमे विकतो आहे, किंवा तुम्ही बोललात म्हणून तुम्हालाच धमकावतो आहे, तर घरगुती बोलणी विसरा आणि सरळ पोलिसांकडे जा. सहकाऱ्याबद्दल लिहिणाऱ्या एका वाचकाने मागे विचारलं होतं, की साहेबांना सांगू का. त्यांना मी उलटा प्रश्न केला होता: बढती त्याच्याऐवजी तुम्हाला मिळाली असती, तरी त्याच्या सिनेमे वाटण्याची तक्रार तुम्ही केली असती का? बराच काळ त्यांचं उत्तर आलं नाही. तक्रार करण्याआधी प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला एकदा विचारावा. तुमच्या बाबतीत मला तशी शंका वाटत नाही.

सासूबाईंना मोडता घालू नका. त्यांना रीतसर बघता येईल अशी सोय घरातल्या टीव्हीवर करून द्या, आणि ते काम दिरालाच सांगा. नवऱ्याला एवढंच म्हणा, की हे घराबाहेर जाऊ नये म्हणूनच मी आधी घरात बोलतेय.

राहिली मैत्रीण. तिला सांगायचं की नाही हे तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत विचारलंय, पण तुमचं मन तिथेच अडकलेलं दिसतं. सांगा. दिराशी बोलणं झाल्यावर, दोन दिवसांच्या आत. सिनेमा चॅनेलवरून निघाला असेल तर ते सांगता येईल, निघाला नसेल तर लिंक तिच्या हातात देता येईल. फोनवर नको, भेटून. ती चिडेल. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" असं विचारेल, आणि त्यावर "हो" एवढंच उत्तर द्या. नवऱ्याचं, सासूचं, घराच्या अब्रूचं काही मध्ये आणू नका. तिचं बोलून होईपर्यंत थांबा, मग तिला विचारा की त्या सिनेमात नेमका कुठला प्रसंग तिने कापला होता.